मदत हवी आहे: ३ लिटर २जेझेड इंजिनच्या टर्बोला ०.८३ एक्झॉस्ट हाउसिंग घ्यावं की १.०१?

नमस्कार मंडळी, मी न्यू जर्सीत असतो, माझ्याकडे जुनी टोयोटा सुप्रा आहे, इंजिन २जेझेड-जीटीई, ३ लिटर, आणि ती फक्त पाव मैलाच्या ड्रॅग रेसमध्ये पळवायची आहे, रोज वापरायची नाहीये. टर्बो गॅरेटचा जी३५-९०० ठरलाय पण एक्झॉस्ट हाउसिंगवर (टर्बाइनभोवतीचं कवच) अडलोय. ए/आर (हाउसिंगमधल्या गॅसच्या वाटेचं माप, आकडा मोठा तितकी वाट मोकळी) ०.६१, ०.८३, १.०१ आणि १.२१ असे मिळतात. ०.६१ तर मी सोडूनच दिलंय, बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) लवकर येईल पण वर ८००० आरपीएमला गॅस बाहेर पडायला जागाच नाही मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये बॅक प्रेशर वाढणार, सिलेंडरात गरम गॅस उरणार आणि नॉकिंगची (इंधन अवेळी पेटण्याची) भीती.

आता खरा प्रश्न. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे, ट्रान्सब्रेक (गिअरबॉक्स अडवून गाडी जागेवर धरणारा) आणि टू-स्टेप (लाइनवर आरपीएम ठरावीक आकड्यावर रोखणारा) दोन्ही आहेत, म्हणजे लाइनवर उभं राहूनच बूस्ट बनवता येतो, मग स्पूल (टर्बो वेग घेणं) थोडा उशिरा आला तरी काय बिघडतं? म्हणून मन १.०१ कडे जातंय. पण टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉल (गाडी अडवून धरलेली असताना इंजिन जितक्या आरपीएमपर्यंत चढू शकतं तो आकडा) कमी पडला तर मोठ्या हाउसिंगला लाइनवर बूस्टच बनणार नाही, हीच धाकधूक आहे.

ज्यांनी खरंच ट्रॅकवर दोन्ही लावून बघितलीत त्यांनी प्लीज सांगा, ६० फुटांच्या टायमात (सुरुवातीचे ६० फूट कापायला लागणारा वेळ) किती फरक पडला आणि शेवटच्या स्पीडमध्ये किती? बूस्टच्या तुलनेत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड प्रेशर मोजलं असेल तर तो आकडाही द्या, मला तोच सगळ्यात जास्त हवाय. आणि स्टॉल किती आरपीएमचा ठेवलात तेही लिहा.