एडिटरमधून गिट म्हणजे गाइड वाचून पास?

पोवईनाका

नवख्यांसाठी आधी: गिट म्हणजे फाइलींतले बदल नोंदून ठेवणारं सॉफ्टवेअर, कमिट म्हणजे अशी एक नोंद, टर्मिनल म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, एडिटर म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम. परवा आपल्या सातारा-सांगलीच्या ग्रुपवर मिरजेच्या एका सरांनी टाकलं: "एडिटरात बटण दाबून कमिट मारणारा गिट शिकत नाही, गाइड वाचून पास होतो. माझ्या क्लासला पहिले तीन महिने फक्त टर्मिनल. एडिटरातलं गिट उघडं दिसलं की मी लॅपटॉप मिटतो." खाली अंगठ्यांची रांग. दोनदा उत्तर लिहून पुसलं. आता राहवत नाही.

मी साताऱ्यात बसून साखर कारखान्यांची कामं करतो. वजनकाटा, ऊस नोंद, तोडणी-वाहतुकीची बिलं. नऊ वर्षं ईमॅक्स या एडिटरमध्ये मॅजिट, म्हणजे त्यातलं गिटचं पॅकेज, वापरतोय. सरांच्या हिशेबानं नऊ वर्षं गाइडवर.

हंगामात काय होतं ते सांगतो. रात्री साडेनऊला काट्यावरनं फोन, रिकाम्या गाडीचं वजन चुकीचं धरतंय. त्याच फाइलीत माझं दुपारपासूनचं अर्धवट काम पडलेलं. मला फक्त तीन ओळी उचलून कमिट करायच्यात. मॅजिटमध्ये डिफवर, म्हणजे जुन्या-नव्यातल्या फरकावर, जातो, तीन ओळी निवडतो, एस दाबून स्टेज करतो, म्हणजे पुढच्या कमिटसाठी उचलतो, झालं. टर्मिनलात? गिट ऐड -पी. तो एकेक तुकडा दाखवून हो-नाही विचारणार. तुकडा मोठा असेल तर फोडा. लागून असलेल्या ओळी फुटत नाहीत, मग पॅच, म्हणजे बदलांचा मजकूर, हातानं कापा, अधिक-उणे सांभाळा, आणि एक चिन्ह हुकलं की पॅच लागत नाही, परत पहिल्यापासून. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना हे कोण करतं? टर्मिनलवाले काय करतात ते मी पाहिलंय. गिट ऐड डॉट, म्हणजे सगळंच स्टेज. सगळं पोत्यात भरा आणि तोंड शिवा.

राहिलं शिकण्याचं. मॅजिटमध्ये डॉलर दाबलं की मागं चाललेली प्रत्येक गिट कमांड जशीच्या तशी दिसते. एखाद्या फंक्शनचा इतिहास ओळीओळीनं काढता येतो, गिट लॉग -एल, हे मला त्याच्या मेनूत दिसलं म्हणून कळलं. कुठल्या क्लासात नाही.

आणि सर, नुसतं गिट कमिट टाइप करून एंटर मारा. काय उघडतं? एडिटरच ना? गिट २००५ चं. ईमॅक्सातला व्हीसी मोड, म्हणजे आवृत्त्या सांभाळायची सोय, १९९२ चा, गिटच्या आधीच्या आरसीएसच्या जमान्यातला. हा संसार गिटच्या जन्माआधीपासून चाललाय.

मिरजेचा_व्हिम

ते सर मीच. लॅपटॉप मिटतो हा विनोद होता, पण साताऱ्याला पोचेपर्यंत तो शिळा झाला असावा.

नऊ वर्षं मॅजिट वापरणारा माणूस माझ्या पोस्टमध्ये नव्हताच. माझ्यापुढं एकोणीस वर्षांचं पोर असतं आणि त्याच्यापुढं व्हीएस कोड या एडिटरचं कमिटचं निळं बटण. काही स्टेज केलेलं नसलं तर तो विचारतो, सगळंच स्टेज करून कमिट करू का? पोरगं 'नेहमी' दाबतं. त्या दिवसापासून स्टेजिंग हा विषय त्याच्या आयुष्यातून गेला. डेटाबेसच्या पासवर्डची फाइल, वीस एमबीची झिप, सगळं आत. म्हणजे तुमचं पोतं बटणानंही भरतं, फक्त शिवताना आवाज येत नाही.

मग डिस्कार्ड, म्हणजे बदल टाकून देणारं बटण. माझ्या एका पोराला वाटलं, याचा अर्थ 'ही यादी बंद करा'. गिटला अजून माहीतच नसलेल्या नव्या फाइली डिस्कवरून उडाल्या. रीफ्लॉगात, म्हणजे गिटच्या जुन्या कमिटांच्या नोंदवहीत, काय शोधणार, कमिटच नव्हतं. २०१७ मध्ये यावरून एकानं केवढी बोंब मारली होती ती जुन्या लोकांना आठवत असेल. त्यानंतर त्या सूचनेची भाषा कडक झाली. पण सूचना वाचतो कोण? सबमिशनची आदली रात्र. सकाळी सात वाजता त्याच्या वडिलांचा फोन, "सर, फी परत मिळेल का?"

कराडकडचा

फीचा विषय निघालाच आहे तर, तीन महिने टर्मिनल म्हणजे तीन महिन्यांची फी. गिटच्या रोजच्या कमांडी दहा. महिन्याला सव्वातीन.

मिरजेचा_व्हिम

@कराडकडचा, तुम्ही या आणि तीन तासांत शिकवून दाखवा. हॉल मी देतो, चहा मी देतो. पंचवीस पोरं, सतरा विंडोज, त्यातली नऊ मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. मग मोजा सव्वातीन.

कुपवाड_सेकंडशिफ्ट

दोघांचंही वाचलं. दोघंही हवेत आहात.

मी एमआयडीसीत चाचणी यंत्रांचं सॉफ्टवेअर बघते. टीममध्ये चौघं, दोघं तासगावकडचे, एक जतचा. मी आले तेव्हा कोड पेनड्राइव्हवर फिरायचा. फोल्डरचं नाव 'फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'साहेबांनी बघितलेलं फायनल'. टर्मिनल शिकवून बघितलं, दोन आठवडे माना हलवल्या आणि पेनड्राइव्ह चालूच. ज्या दिवशी व्हीएस कोडमध्ये डावीकडं जुनं, उजवीकडं नवं, लाल-हिरवं दाखवलं, त्या दिवशी जतचा पोरगा म्हणाला, "ताई, हे आधी का नाही सांगितलं?" पेनड्राइव्ह आता गाण्यांना लागतो.

पोवईनाका, तुम्ही बटणवाल्यांची बाजू घेताय असं वाटू देऊ नका. तुम्ही तुमच्या मॅजिटची बाजू घेताय. मॅजिटसाठी आधी ईमॅक्स शिकायचं म्हणजे चहाला दूध हवं म्हणून म्हैस पाळायची. आमच्या विंडोजवर एकदा टाकलं होतं. स्टॅटस येईपर्यंत खरंच चहा झाला.

पोवईनाका

@कुपवाड_सेकंडशिफ्ट, विंडोजचं मान्य. तो दर वेळी गिटच्या डझनभर प्रोसेस उघडतो आणि विंडोजला तेच जड जातं. म्हशीचं मान्य नाही. म्हैस पाळल्यावर दही-लोणीही मिळतं.

सर, एक विचारू? तुमच्या नावात व्हिम हा एडिटर आहे. त्यात फ्युजिटिव्ह, म्हणजे एडिटरातूनच गिट चालवणारं प्लगइन, नाही, असं शपथेवर सांगा.

मिरजेचा_व्हिम

फ्युजिटिव्ह वेगळं. कोलन जी लिहिल्यावर पुढं गिटचीच कमांड लिहावी लागते.

कराडकडचा

सापडले! 😂

हळदगल्ली_डीटीपी

मधेच बोलतो, माफ करा. मी प्रोग्रामर नाही. सांगलीत तीस वर्षं टाइपसेटिंग करतोय. पुतण्यानं गिट लावून दिलं, आता स्मरणिका, दिवाळी अंक, सगळा मजकूर त्यात ठेवतो. तुमच्या टर्मिनलात माझी 'हळद' नावाची फाइल कशी दिसते माहितीय? ३४० २४४ २७१, ३४० २४४ २६३, ३४० २४४ २४६, मधे तिरक्या रेघा. मला वाटलं व्हायरस. दोन दिवस मशीन बंद ठेवलं. एडिटरात तीच फाइल 'हळद' दिसते. माझ्यापुरता निकाल लागला.

मिरजेचा_व्हिम

काका, तो व्हायरस नाही. गिटचं कोअर.कोटपाथ हे सेटिंग फॉल्स करा, एका ओळीत हळद परत येते. इंग्रजीबाहेरच्या अक्षराचे बाइट तो अष्टमान आकड्यांत छापतो, एवढंच.

हळदगल्ली_डीटीपी

एवढंच! मूळ सेटिंगच असं की मराठी माणसानं आधी घाबरावं. बरं, ते करतो. पण माझा खरा रोग वेगळाय. डिफमध्ये एकच ओळ लाल आणि हिरवी दोन्ही दिसते. 'शेतकऱ्यांच्या मागण्या' लाल, 'शेतकऱ्यांच्या मागण्या' हिरवं. चष्मा पुसला. मुद्रितशोधकाला बोलावलं, तोही म्हणाला, सारखंच आहे.

पोवईनाका

काका, या रोगानं माझा एक आख्खा हंगाम खाल्लाय. ते दोन वेगळे 'ऱ्या' आहेत. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, झेडडब्ल्यूजे, मग य. छापलं की डोळ्यांना एकच. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबणाऱ्याकडून पहिला येतो. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये बदललेल्या माझ्याकडच्या याद्यांत सगळीकडं दुसरा होता. आमच्या ऊस नोंदीत 'बिऱ्हाडे' आडनाव शोधलं तर निम्मी माणसं सापडायची, निम्मी नाहीत. लोक म्हणायचे कारखान्यानं नावं कापली. शिव्या मला.

कुपवाड_सेकंडशिफ्ट

तिसरा प्रकार विसरलात. जोडक मधेच कुठंतरी गळतो आणि 'शेतकर्यांच्या' होतं, रफार डोक्यावर. आमच्या एका अहवालात सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झाला होता.

हळदगल्ली_डीटीपी

आचाऱ्यांच्या सत्काराच्या पत्रिकेत मी आचार्यांचा सत्कार छापलाय. आचारी खूश, संयोजक मात्र नाही. कागद माझ्या खिशातनं.

कराडकडचा

आमच्या गावाचं जुनं नाव कऱ्हाड. ते दुरुस्त करायची एवढी कटकट म्हणून 'कराड' झालं असेल. 😄

पोवईनाका

@कराडकडचा, युनिकोडच्या कितीतरी आधी झालं ते. विषय सोडू नका.

मिरजेचा_व्हिम

विषय सोडलाय कुणी? चर्चेचं गुऱ्हाळ झालंच आहे, आणि गुऱ्हाळातही तोच ऱ. तर माझी काहिल चढवतो. काकांची ती ओळ मी आत्ता माझ्या टर्मिनलात टाकून डिफ काढला. मागं लेस, हा मजकूर पानापानानं दाखवणारा प्रोग्राम, लावलेला असतो, त्यानं एका ओळीत सरळ <यू+२००डी> असं, म्हणजे त्या जोडकाचा युनिकोड क्रमांक, उलट्या रंगात छापलं. तुमचा देखणा एडिटर अक्षर सुंदर जुळवून दाखवतो, म्हणून तर फरक लपतो. जो दिसायला ओबडधोबड, त्यानं खरं सांगितलं.

बोला आता.

पोवईनाका

ईमॅक्समध्ये कर्सर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, बरोबरचं चिन्ह. आत काय काय आहे सगळं सांगतो.

मिरजेचा_व्हिम

संशय आल्यावर विचारलं तर सांगतो. माझ्यानं न विचारता सांगितलं.

पोवईनाका

...बरं. हा एक तुमचा. कंदी पेढे पाठवतो, टर्मिनलला भरवा.

कुपवाड_सेकंडशिफ्ट

पेढे नंतर. काका, नुसतं शोधून भागणार नाही. युनिकोडचं एनएफसी, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत, करूनही हे दोन ऱ्या एक होत नाहीत, ते त्याच्या लेखी वेगळेच. प्री-कमिट हुक, म्हणजे कमिटच्या आधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लावा: र, हलन्त, जोडक दिसलं की ऱ, हलन्त. चार ओळींची स्क्रिप्ट आहे, पुतण्याला देते. हुक एडिटरातून मारा नाहीतर टर्मिनलातून, दोन्हीकडं चालतो.

मिरजेचा_व्हिम

मॅकवर एडिटर डॉकमधून उघडला असेल तर पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या जागांची यादी, वेगळा मिळतो आणि हुकाला लागणारा प्रोग्रामच सापडत नाही. नुसतं सांगून ठेवतो.

कुपवाड_सेकंडशिफ्ट

काकांकडं मॅक नाही, सर. काकांकडं यूपीएसही नाही.

सांगलीवाडी१९

सगळं वाचलं. ऱ्या वगैरे ठीक आहे. माझं सांगतो, कुणाच्या बाजूनं ते तुम्हीच ठरवा.

२०१९ चा ऑगस्ट. मी घरून एका व्यापाऱ्यासाठी हळदीच्या सौद्यांचं काम करत होतो. बटणवाला. कमिट मारायचा मला नाद, दर तासाला एक. पुश, म्हणजे कमिट दुसऱ्या मशीनवर पाठवणं, मात्र 'जरा नीट झालं की करू'. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत वर जाणारा बाण आणि पुश न झालेल्या कमिटांचा आकडा असतो बघा. बारा झाले, तीस झाले. रोज बघायचो. खरं सांगायचं तर तो आकडा वाढताना बरं वाटायचं, काम झाल्यासारखं.

पाणी चढायला लागलं तेव्हा घरचे म्हणाले २००५ ला एवढंच आलं होतं, माळ्यावर ठेवलं की झालं. लॅपटॉप माळ्यावर ठेवला, आईची औषधं घेतली, बोटीतनं बाहेर पडलो. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. माळाही गेला. आमच्याकडं जुनी माणसं हरिपूरची पेवं सांगतात, हळद जमिनीत पुरून वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही, काही नाही. आणि पूर आला की पेवासकट. माझे एकसष्ट कमिट तसे होते.

मिरजेचा_व्हिम

वाईट झालं. पण टर्मिनलानं दर स्टॅटसला वाक्यात सांगितलं असतं, तुमची ब्रांच एकसष्ट कमिटनी पुढं आहे. बाणाकडं माणूस दुर्लक्ष करतो.

सांगलीवाडी१९

सर, माझ्या मित्राचं मशीन त्याच पुरात गेलं. तो टर्मिनलवाला. ते वाक्य तोही रोज वाचायचा.

कराडकडचा

🙏

मिरजेचा_व्हिम

हे मी पुढच्या बॅचला पहिल्या दिवशी सांगेन. तुमची हरकत नसेल तर.

तीन महिन्यांचा आग्रह तेवढा सोडत नाही. फार तर पहिल्या दिवसापासून एडिटरात डिफ बघू देईन. कमिट मात्र हातानं. आणि हे पोवईनाक्यामुळं नाही, त्या जतच्या पोरामुळं.

पोवईनाका

चालेल. जतच्या पोराच्या नावानं का होईना. फ्युजिटिव्हचं त्यांना कधी सांगणार?

मिरजेचा_व्हिम

फी पूर्ण जमा झाल्यावर.

हळदगल्ली_डीटीपी

ताई, पुतण्या आला होता. हुक बसवला. दिवाळी अंकाच्या मजकुरात ४१२ ठिकाणी जोडक सापडला, सगळे ऱ एका जातीचे केले. कोटपाथही केलं, हळद हळदीसारखी दिसते. कमिट मारलं. कुठून मारलं ते सांगत नाही, परत भांडाल.

सांगलीवाडी१९

पुश केलंत का काका?

हळदगल्ली_डीटीपी

लाइट गेलीय. हे मोबाइलवरनं लिहितोय. आली की करतो.