यकृताच्या तुकड्यातून जिवंत पेशी निघत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष. औषधांचं यकृतात काय होतं हा विषय, त्यामुळे माणसाच्याच यकृतपेशी लागतात. एका रुग्णालयात आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरलेल्यांची शस्त्रक्रिया होते, तेव्हा गाठीबरोबर कापलेल्या निरोगी भागातला तुकडा आम्हाला मिळतो. एथिक्स कमिटीची परवानगी आहे, रुग्णाची संमती आधीच घेतलेली असते.

आतापर्यंत सहा तुकडे वाया गेले. ट्रायपॅन ब्लूने (हा रंग फक्त मेलेल्या पेशींत शिरतो) मोजलं तर जिवंत पेशी कधी ४० टक्के, कधी २५. पेशी सुट्या करायला सेग्लेन या संशोधकाची दोन टप्प्यांची पद्धत वापरतो, म्हणजे तुकड्याच्या रक्तवाहिन्यांतून द्रावणं सोडायची: आधी ईजीटीएचं (हे कॅल्शियम काढून घेतं), मग कॅल्शियम आणि कोलॅजिनेजचं (पेशींना धरून ठेवणारं कोलॅजन तोडणारं एन्झाइम), दोन्ही ३७ अंशांवर. सर म्हणतात, कोलॅजिनेजची बॅच बदल. किंमत बघून पोटात गोळा येतो. दुसरं काय चुकत असेल?

प्रतिसाद १
बॅच नंतर बघा. तुकडा किती बाजूंनी कापलेला असतो?

धागाकर्ता
चारही. पॅथॉलॉजीत गाठीपासूनची कड तपासायला घेतात, उरलेल्यातून चौकोनी वडी पाडून देतात.

प्रतिसाद १
मग तिथेच घोडं अडलंय. सेग्लेनने पद्धत लिहिली ती उंदरासाठी. तिथे अख्खं यकृत हातात असतं, पोर्टल व्हेनमध्ये (यकृतात रक्त आणणारी मोठी शीर) नळी घातली की झालं. तुमच्या वडीत सोडलेलं द्रावण चहूकडून गळून जातं. कडेचा तुकडा मागा, बाहेरचं आवरण शाबूत आणि काप एकाच बाजूला. कापावर दिसणाऱ्या दोन-तीन मोठ्या रक्तवाहिन्यांत नळ्या बसवा, बाकीची तोंडं टिश्यू ग्लूने बंद करा. द्रावण नीट फिरलं तर तुकडा फिका पडतो. जिथे तो लालच राहतो तिथे कोलॅजिनेजही पोचणार नाही, मग बॅच कितीही महागाची आणा.

प्रतिसाद २
सहमत. शिवाय केमो झालेली असेल तर यकृत बरेचदा चरबी साठलेलं असतं. चरबी भरलेल्या यकृतपेशी हलक्या, सेंट्रिफ्यूजमध्ये ५० जी-ला (गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट) फिरवल्या तरी नीट खाली बसत नाहीत, वरच्या पाण्याबरोबर ओतल्या जातात. आणि हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्हीचे रिपोर्ट बघितल्याशिवाय डबा उघडू नका.

धागाकर्ता
रिपोर्ट बघतो. वरचं पाणी मात्र आजवर बेसिनमध्येच ओतत आलोय! उद्या पॅथॉलॉजीच्या मॅडमना भेटून कडेचा तुकडा मागतो. एक शंका: कापाची बाजू ओली असते, त्यावर ग्लू धरतो का? की आधी टिपून घ्यायचं?