जुन्या चार फुटी पट्टीत कोणती ट्यूब: जाड, मधली की बारीक?

माळ्यावरचा माल:
आजोळचं घर आवरताना ट्यूबलाइटच्या दोन लोखंडी पट्ट्या मिळाल्या, तांब्याच्या चोकसकट. एलईडी लावणार नाही हे आधीच सांगतो, तेव्हा तो सल्ला नको. एका जुन्या दुकानदाराकडे चाळीस वॅटची जाड ट्यूब धूळ खात पडली आहे, छत्तीसची अजून मिळते आणि अठ्ठावीसची बारीकही कुठे कुठे दिसते. या पट्टीत काय चालेल? आणि नुसतं आवडीचं विचारलं तर तुमची कोणती, आणि का?

गोल स्टार्टर:
जाडी. विषय संपला. अंगानं मोठी, त्यामुळे तेवढाच उजेड जास्त जागेतून बाहेर पडतो आणि डोळ्यांवर येत नाही. अठ्ठावीसची उघड्यावर लावून तिच्याकडे एकदा बघा, मग बोलू.

मागवाला वायरमन, इचलकरंजी:
गोलभाऊ, एवढ्यात कसला संपतोय! डोळ्यांचं म्हणाल तर कबूल. पण माझी उभी हयात यंत्रमागाच्या शेडमध्ये ट्यूबा बदलण्यात गेली, आणि माझं मत छत्तीसला.

आधी मापं. टी पुढचा आकडा म्हणजे इंचाचे आठवे भाग. चाळीसची टी-१२, म्हणजे दीड इंच, ३८ मिमी. छत्तीसची टी-८, २६ मिमी. अठ्ठावीसची टी-५, १६ मिमी. पहिल्या दोघींची लांबी तीच, पिनांमधलं अंतर तेच १३ मिमी, आणि छत्तीसची चाळीसच्याच चोकवर, त्याच स्टार्टरवर लागते. म्हणून तर ती सगळीकडे पसरली. पट्टी उतरवायची गरज नाही, जाडी काढली की मधली लावली. बारकीचं तसं नाही. लांबी ११४९ मिमी, पिना ५ मिमीवर, वर तिला इलेक्ट्रॉनिक चोक हवा. तुमच्या होल्डरात ती बसायचीच नाही.

आता आवड. मी मापाच्या आधी काचेच्या आतून लावलेली, उजेड देणारी पावडर बघतो. ट्यूबच्या टोकाजवळ छापलेला आकडा वाचा. ७६५ असेल तर जुनी हॅलोफॉस्फेट पावडर, उजेड अडीच हजार ल्युमेनच्या आसपास. ८६५ असेल तर ट्रायफॉस्फर, म्हणजे नवी तीन रंगांची पावडर, त्याच छत्तीस वॅटमध्ये सव्वातीन हजारांच्या आसपास. आधीचा ८ म्हणजे रंग दाखवण्याचा निर्देशांक ८०च्या वर, पुढचे ६५ म्हणजे ६५०० केल्विनचा पांढरा. कापड तपासायच्या टेबलावर हा फरक लगेच कळतो. ७६५ खाली मरून आणि चॉकलेटी सूत शेजारी ठेवलं तर आमचे जुने कारागीरही दारात नेऊन बघायचे. ८६५ लावल्यावर ती धावपळ थांबली. आणि आमच्याकडे जाड चाळीसच्या आल्या त्या सगळ्या जुन्याच पावडरीच्या.

शेडमधली आणखी एक गोष्ट, जाड-बारीकशी संबंध नसलेली, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ५० सायकलच्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंदावते. मागाचं चाक नेमक्या वेगात असलं की थांबल्यासारखं दिसतं, आणि नवखा पोरगा हात घालतो. म्हणून दोन ट्यूबांची पट्टी लावायची, त्यातल्या एकीच्या चोकला सिरीजमध्ये कपॅसिटर द्यायचा. मग दोघी एकदम मंदावत नाहीत. इलेक्ट्रॉनिक चोकवर वारंवारता हजारोंत जाते, तिथे हा खटाटोप लागत नाही.

बारकीला मी नावं ठेवणार नाही. तिचा उजेड ३५ अंशांना सगळ्यात जास्त, बाकीच्या दोघी २५ च्या आसपास खुलतात. एप्रिलमध्ये पत्र्याखाली कोण टिकून काम करत असेल ते तुम्हीच ओळखा. फक्त उघडी लावू नका, झाकणाच्या पट्टीत लावा.

स्टुटगार्टकर:
आमच्याकडे चार फुटीपेक्षा पाच फुटीचं प्रस्थ. दीड मीटर, ५८ वॅट, टी-८. तळघरात, गॅरेजमध्ये, शाळेत तीच. माझी आवडती तीच, ८४० रंगात. ६५०० केल्विन इथल्या लोकांना दवाखान्यातला उजेड वाटतो, मला मात्र अजून तोच घरचा वाटतो. युरोपीय संघात ऑगस्ट २०२३ पासून टी-८ आणि टी-५ नव्यानं बाजारात आणायला बंदी आली. टी-१२ तर त्याच्याही आधी गेली.

माळ्यावरचा माल:
वायरमनकाका, ठरलं, छत्तीसची ८६५. दुकानदाराकडची जाडी पण घेऊन ठेवू का? आणि स्टुटगार्टकर म्हणतात ती बंदी इकडे कधी?

मागवाला वायरमन, इचलकरंजी:
घ्या की, एका पट्टीत जाडी, दुसरीत मधली. गोलभाऊंचाही मान राहील. बंदीचं म्हणाल तर ट्यूबमध्ये पारा असतो, आणि पाऱ्याचा वापर कमी करायच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात २०२३ साली जिनिव्हात ठरलं: जुन्या पावडरीच्या ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२६ पर्यंत, ट्रायफॉस्फरची २०२७ पर्यंत बंद. भारत त्या करारात आहे. ८६५ जास्तीच्या दोन घेऊन ठेवा.

आणि ट्यूब लावायच्या आधी पट्टीची वायर बदला. कापडी वेष्टणाची जुनी वायर हात लावला की तडकते. चोक मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, तपासून घ्या, लोखंडी पट्टीला अर्थिंग द्या. होल्डरची पितळी पात घट्ट आहे का बघा, सैल असेल तर नवी ट्यूबही फडफडेल आणि तुम्ही उगाच स्टार्टर बदलत बसाल.