मदत हवी आहे: १९९८ च्या वारस फेरफारात मुलीने "हक्क सोडला" असा शेरा, आता जमीन विक्रीला

आजोबा (आईचे वडील) १९९८ साली मृत्युपत्र न करता वारले. साडेतीन एकर जिरायत, त्यांच्या वडिलांकडून आलेली. मागे आजी, दोन मामा आणि आई. वारस फेरफारात (महसूल दप्तरी वारसांची नावं लावण्याच्या नोंदीत) आजी आणि मामांची नावं लागली; आईपुढे "विवाहित, हक्क सोडल्याचा जबाब दिला" एवढंच आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नाही. आईचं लग्न १९८९ चं, म्हणून तिला हक्कच नाही असं मामांचं म्हणणं. थोरले मामा एक एकर विकतायत. प्रांतांकडे (उपविभागीय महसूल अधिकाऱ्यांकडे) अपील करावं की दिवाणी कोर्टात जावं?

प्रतिसाद १
लग्नाचा मुद्दा आधी निकालात काढू. हिंदू वारसा कायद्याच्या महाराष्ट्रातल्या १९९४ च्या दुरुस्तीत २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. मामा त्यावरच बोट ठेवतायत. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या केंद्राच्या दुरुस्तीत ही अट नाही. आणि 'विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा' (११ ऑगस्ट २०२०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मुलीचा हक्क जन्मतः आहे, २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही.

हिशेब असा. आजोबा वारण्याच्या क्षणी वाटप झालं असं धरायचं. आजोबा, आजी, दोन मामा, आई: प्रत्येकी १/५. आजोबांच्या १/५ चे चार वारसांत भाग, म्हणजे १/२०. आईचा एकूण १/४. २००५ च्या दुरुस्तीशिवाय, जुन्या कायद्याने फक्त १/१६ आला असता. जमीन आजोबांची स्वतंत्र ठरली तरी हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे १/४ च येतो, त्यामुळे "वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित" या वादात इथे शक्ती घालवू नका.

तलाठ्यापुढच्या जबाबाने स्थावरातला हिस्सा सुटत नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या मिळकतीतला हक्क सोडायला नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदणीकृत दस्त लागतो.

प्रतिसाद २
ताई, मुख्य रस्ता दिवाणी दावाच. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही; 'जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' (२०२१) मध्ये हे पुन्हा स्पष्ट झालंय. प्रांतांकडच्या अपिलाला मुदत ६० दिवसांची. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण सव्वीस-सत्तावीस वर्षांचा विलंब समजावून सांगण्यात वर्षं जातात आणि तोवर खरेदीखत होऊन जातं.

दावा वाटप, स्वतंत्र ताबा आणि मनाई हुकूम यांचा लावा. जमिनीचे सगळे गट नंबर आणि सगळे सहहिस्सेदार त्यात घ्या. आजीला वगळलं तर दावा तिथेच अडतो. मालमत्तेच्या वादात महिलांना १९९४ च्या शासन अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे, वकिलांना आठवण करून द्या.

खरी अडचण मुदतीची. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११० प्रमाणे हिश्श्यातून वगळल्याचं कळल्यापासून १२ वर्षं. मामांचे वकील म्हणतील, जबाबावर सही आहे म्हणजे १९९८ पासून ठाऊक होतं. म्हणून दाव्याआधी तहसीलच्या अभिलेख कक्षातून फेरफाराची पूर्ण संचिका नकलेसह काढा: वारसाचा अर्ज, मूळ जबाब, नोटीस बजावल्याची पोच, मंडळ अधिकाऱ्यांचा प्रमाणन शेरा. सही आहे की अंगठा, तारीख काय, नोटीस आईच्या सासरच्या पत्त्यावर गेली का, हे बघा. बहुतेक वेळा प्रकरण याच कागदावर फिरतं.

प्रश्नकर्ती
दावा लागल्यावरही मामांनी विकलं तर?

प्रतिसाद २
दावा दाखल होताच दुय्यम निबंधकांकडे 'लिस पेंडन्स'ची (या मिळकतीवर दावा चालू आहे अशी) नोटीस नोंदवा. आपल्या राज्यात मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ चं संरक्षण (दावा चालू असताना घेणारा खरेदीदारही निकालाला बांधील) ही नोटीस नोंदवल्यावरच मिळतं, नुसत्या दाव्याने नाही. हे अनेकांकडून राहून जातं आणि खरेदीदार मोकळा सुटतो. नोटिशीत मालकाचं नाव-पत्ता, गट नंबर, क्षेत्र, चतु:सीमा, कोर्ट, दाव्याचं स्वरूप, पक्षकार आणि दाखल तारीख लिहा. सोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज त्याच दिवशी द्या.

प्रतिसाद १
एक भर. मामा "१९९८ लाच वाटप झालं" असा पवित्रा घेतील. विनीता शर्मा निकालात तोंडी वाटप सहसा मान्य नाही. सार्वजनिक दस्तांचा भक्कम आधार असेल तरच अपवाद. तुमचा फेरफार वारस नोंदीचा आहे, वाटपाचा नाही. गाव नमुना ६ ची (फेरफार नोंदवहीची) नक्कल काढून नोंदीचा प्रकार वाचा आणि दाव्यात तो शब्दशः उतरवा.