छोटं ब्रेड मशीन : कुणी घेतलंय, कसं चाललंय? (अनुभव धागा)

शेवंती

परवा नणंदेकडे गेले होते. जिना चढतानाच पाव भाजल्याचा वास आला आणि मी थेट मिरजेच्या आमच्या गल्लीतल्या बेकरीत जाऊन पोचले. दिवाळीआधी आई रवा, मैदा, तूप, पिठीसाखर मोजून डब्यात भरून द्यायची आणि आम्ही भावंडं नानकटाई भाजून आणायला बेकरीत नंबर लावून बसायचो. आमचे पत्रे भट्टीत जाईपर्यंत बेकरीवाले चाचा ताटकळलेल्या पोरांच्या हातावर गरम पावाचा तुकडा ठेवायचे. वरची साल कडक, आत नुसती वाफ. हा हात की तो हात करत खायचो.

तर वास येत होता नणंदेच्या ओट्यावरच्या मशीनमधून. रात्री पीठ, पाणी, मीठ, साखर, तेल, यीस्ट घालून टायमर लावला होता, सकाळी पाव तयार! मी उभ्याउभ्याच दोन तुकडे खाल्ले.

आता घरात आम्ही दोघंच. ह्यांना सकाळी चहाबरोबर टोस्ट लागतो. २०१६ मध्ये दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने बाजारातल्या बऱ्याच ब्रेडमध्ये पोटॅशियम ब्रोमेट हे पिठात घालायचं रसायन सापडल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी एफएसएसएआयने ते बंद केलं, तेव्हापासून मला पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची सवय लागली आहे. घरी होत असेल तर मला मनापासून करायचंय. केवढं घ्यावं, आपल्या कणकेचा होतो का, की चार दिवसांनी माळ्यावर जातं? जमेल तसं लिहा. विषयांतर चालेल.

हिरवा चाफा

दोघंच असाल तर एक पौंडाचंच घे, डोळे झाकून. साधारण ४५० ग्रॅमचा पाव होतो, पीठ लागतं २५० ते २८० ग्रॅम. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपतो, म्हणजे शिळा खायची वेळच येत नाही. दुकानदार म्हणेल दोन पौंडाचं घ्या, त्यात कमी पीठ घालूनही होतो. होतो, पण नीट नाही. मोठ्या भांड्यात लहान गोळा एका बाजूला जाऊन बसतो, कोपऱ्यात कोरडं पीठ तसंच राहतं आणि पाव तिरका फुगतो. बहिणीकडे कायम हेच.

आणि ओट्याची उंची मोजून मगच घे. झाकण वर उघडतं, भाजताना वाफ येते, डोक्यावर लाकडी कपाट नको. कुकर झाला, येते परत.

लोंबी

कणकेचा होतो का विचारलंस म्हणून लिहिते, कारण माझा सगळा जीव त्यातच अडकलाय 😊

नुसत्या कणकेचा पाव बाजारच्या ब्रेडसारखा हलका होत नाही, ही खूणगाठ बांधून मगच सुरुवात कर. कोंडा ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी तोडतो, त्यामुळे वायू धरून राहत नाही. शिवाय गिरणीच्या दगडी जात्यात गव्हाचा स्टार्च चिरडला जातो आणि ती कणीक मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी पिते. मशीनबरोबरच्या पुस्तकातलं पाण्याचं माप आपल्या कणकेला पुरतच नाही. मी निम्मी कणीक, निम्मा मैदा घेते. कणीक आधी पाण्यात कालवून वीसेक मिनिटं ठेवते, मग बाकीचं. थोडं पाणी कमी करून दोन चमचे दही घातलं तर लुसलुशीत होतो. पूर्ण कणकेचाच हवा असेल तर सुटं ग्लुटेन मिळतं, ते चमचाभर.

सगळ्यात महत्त्वाचं: मळणं सुरू झालं की पाच-सात मिनिटांनी झाकण उघडून गोळा बघ. मशीन बंद पडत नाही, घाबरू नकोस. गोळा भांड्याच्या कडा सोडून एकसंध फिरला पाहिजे, बोट लावलं तर किंचित चिकटून सुटला पाहिजे. तळाला चिखल दिसला तर चमचाभर पीठ, पातं खडखड करत असेल आणि गोळ्याला भेगा दिसत असतील तर चमचाभर पाणी. हे एवढं बघितलं की कुठल्याही कंपनीचं मशीन चांगला पाव देतं. पावसाळ्यात पीठच दमट असतं, तेव्हा पाणी आधीच जरा कमी घ्यायचं.

पिंपळपान

लोंबीताई +१, गोळा बघणं म्हणजे अर्धं काम.

इकडे नागपुरात मे महिन्यात वेगळीच गंमत. टाकीचं पाणी इतकं तापलेलं असतं की यीस्ट धावतच सुटतं. पाव मधेच झाकणाला टेकतो आणि भाजायच्या आत मधून खाली बसतो. उन्हाळाभर फ्रीजमधलं पाणी आणि यीस्ट पाऊण चमच्याऐवजी अर्धा. मळतानाच्या घर्षणानंही गोळा तापतो, त्यामुळे गार पाणीच बरं. हिवाळ्यात मात्र कोमट. रात्रीचा टायमर लावताना दूध, अंडं घालायचं नाही, आमच्याकडच्या उकाड्यात तर मुळीच नाही.

गहू कोणता घेता सगळे? आमच्याकडे लोकवन, सासूबाईंना शरबतीच हवा.

लोंबी

लोकवनच. पोळीला शरबती. बोलू यावर, वेगळा धागा होईल!

नदीपल्याड

नमस्कार मंडळी, गोव्याहून. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळ-संध्याकाळ सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत दारात येतो. पोय, उंडो, कात्रे पाव, कांकणां असे पावाचे प्रकार. गरम पोय हातात पडते तिथे मशीन कशाला म्हणून मी घेतलंच नव्हतं. आजी सांगायची, पूर्वी माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ आंबवायचे, त्या पावाला किंचित गोडसर आंबूस वास असायचा. आता सगळीकडे यीस्टच.

पण मुलगा शिकायला बाहेर गेला आणि त्याला पोय मिळेना. आता त्याच्याकडे मशीन आहे. तो नुसतं पीठ मळायचा प्रोग्रॅम लावतो, कोंड्याची कणीक घालून, आणि मग गोळे करून ओव्हनमध्ये भाजतो. व्हिडिओ कॉलवर पोय फोडून दाखवली, आत पोकळ, अगदी हवी तशी. मला फार बरं वाटलं.

हिरवा चाफा

@नदीपल्याड किती छान! आता मला पोय आणि झणझणीत शाकुती पाहिजे 😋

सांजवात

माझ्या लेकाला सीलिएक आहे. गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. शाळेत डब्यात बाकीच्यांचं सँडविच बघून एकदा घरी येऊन गप्प बसला होता, त्या आठवड्यात मशीन घेतलं. तांदळाचं आणि ज्वारीचं पीठ, थोडा साबुदाण्याचा स्टार्च, आणि जाळी धरायला इसबगोलाचा भुसा. ह्याचा गोळा होतच नाही, इडलीच्या पिठाहून घट्टसर रहातं, आणि तसंच हवं असतं. लोंबीताईंचं गोळ्याचं माप इथे लावू नका. ग्लुटेन नसेल तर दोनदा फुगवायचं नसतं, म्हणून त्याचा वेगळा प्रोग्रॅम असलेलंच मशीन बघून घ्या. कडा रबरी कालथ्याने खाली ओढायच्या.

आणि ह्या मशीनमध्ये गहू कधीच जात नाही. भांडं वेगळं, कालथा वेगळा, पाव कापायची सुरीसुद्धा वेगळी.

आता तो मित्रांना डबा देतो, "माझ्या आईचा ब्रेड" म्हणून.

शेवंती

सांजवात, डोळ्यांत पाणी आलं गं. लेकाला खूप आशीर्वाद.

पिंपळपान

❤️

सांजवात

थँक यू ताई. ज्वारीचं पीठ ताजंच घ्या, जुनं कडवट लागतं.

निशिकासाई

ऑफिसच्या ट्रेनमधून लिहितोय. आमच्या जपानमध्ये हे यंत्र बऱ्याच घरांत आहे. ऐंशीच्या दशकात मात्सुशिता, म्हणजे आताची पॅनासॉनिक, घरगुती मशीन बनवत होती तेव्हा पाव वरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. गोळ्यांचे एक्स-रेसुद्धा काढले म्हणे. शेवटी इकुको तानाका नावाची त्यांची सॉफ्टवेअर शाखेतली बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकायला गेली. तो पीठ ओढताना एक विशिष्ट पीळ देतो हे तिच्या लक्षात आलं. तोच पीळ यंत्रात आणायला आतून उभ्या कडा बसवल्या. तुमच्या भांड्याला आत उभ्या रेघा असतील तर हात लावून बघा. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत ही गोष्ट शिकवतात, मला ती हाताचं कसब जपल्याची गोष्ट म्हणून आवडते.

सान्योने २०१० मध्ये गोपान नावाचं मशीन काढलं, त्यात अख्खे तांदूळ घालायचे, तेच भिजवून वाटून पाव करायचं. सांजवात ताई, तुमच्यासाठी आठवलं, पण आधी हे बघा: त्या पद्धतीत बाहेरून गव्हाचं ग्लुटेन घालत असत, त्यामुळे तांदळाचा पाव म्हणजे लगेच चालेल असं धरू नका.

कुणी इथून मशीन न्यायचा विचार करत असेल तर: इथे वीज १०० व्होल्ट. थेट भारतातल्या प्लगमध्ये खुपसू नका.

खाडीकाठी

हेच लिहायला आले होते. अमेरिकेतलंही नेऊ नका, १२० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर मशीनइतकाच जड, आणि ६० हर्ट्झची मोटर ५० वर हळू फिरू शकते. तिकडचं तिकडेच घ्या.

इथे जुन्या वस्तूंच्या दुकानात ही मशीन्स ढिगाने असतात, लग्नात मिळालेली, न वापरलेली. माझं तसंच घेतलंय. जुनं घेताना बघा: पातं आहे ना (बरेचदा तेच हरवलेलं असतं), भांड्याच्या तळचा दांडा हाताने सहज फिरतो ना, भांड्यात पाणी घालून दहा मिनिटं ठेवलं तर खालून गळत नाही ना, आतला मुलामा निघालेला नाही ना. एवढं ठीक असेल तर बिनधास्त घ्या.

इथलं ब्रेडचं पीठ १२.७ टक्के प्रथिनांचं मिळतं, त्याने फुगतो छान. भारतात गेले की आईकडच्या मैद्याचा जरा बुटका होतो, चवीला मात्र तोच बरा लागतो मला.

कृष्णाकाठ

शेवंतीताई मिरजेत कुठं? आम्ही सांगलीचं. बेकरीत पत्रं भाजून आणायचं आमच्यात पण होतं. पत्र्यावर खडूनं नाव लिहायचं, नायतर दुसऱ्याचीच नानकटाई घरी.

शेवंती

अय्या हो, खडूने नाव! ब्राह्मणपुरीत होतो आम्ही. तुम्ही?

कृष्णाकाठ

गावभाग. बरं मशीनबद्दल: आमच्या मळ्यातल्या घरी लाइटीचा भरवसा नाही. घेताना माहितीपुस्तकात बघा की लाइट गेल्यावर किती वेळ लक्षात ठेवतं. आमचं दहा मिनिटं ठेवतं, तेवढ्यात आली तर तिथूनच पुढं चालू. जास्त वेळ गेली तर गोळा काढून तेल लावलेल्या डब्यात फुगू द्यायचा आणि कुकरमध्ये तळाला मीठ घालून, शिट्टी आणि रिंग काढून मंद आचेवर भाजायचा. वरून पांढरा राहतो, पण आत मस्त. आमची म्हातारी आता तसलाच मागती.

मोगरा२

आमचं माळ्यावर आहे. सासरे भाकरीवाले, मुलं पोळीवाली. ब्रेड कोण खाणार.

हिरवा चाफा

मोगरा अगं काढ खाली! पीठ मळायच्या प्रोग्रॅमवर पावभाजीचे पाव, पिझ्झा, भटुरे, सगळ्याचं मळून मिळतं. दीड तासात मळून फुगून तयार, तू तोवर भाजी कर. मी पाव त्यातच मळते, गोळे करून ताटात चिकटून चिकटून लावते, वरून दूध, आणि ओव्हनमध्ये. मुलं पोळी विसरतील.

मोगरा२

बरं बघते. रविवारी काढायला लावते ह्यांना.

अबोली

पातं पावातच अडकून बसतं आणि काढताना खाली भगदाड. काही युक्ती?

लोंबी

शेवटचं मळणं झालं की हाताला तेल लावून गोळा उचल, पातं काढून घे, गोळा परत ठेव. कधी संपतं ते पुस्तकात वेळेसकट दिलेलं असतं. रात्री लावलास तर मात्र क्रोशाची सुई. सुरी नको, पात्यावरचा मुलामा जातो.

आणि पाव झाल्याझाल्या भांड्याबाहेर काढ, आत राहिला तर वाफेने खालची बाजू ओली होते. जाळीवर तासभर निवू दे, मगच काप. गरम कापला की आत गिजगा होतो.

शेवंती

सगळ्यांचे किती आभार मानू. एक पौंडाचंच घेते, ठरलं. यीस्ट कोणतं? आणि उरलेला पाव फ्रीजमध्ये ठेवायचा ना?

खाडीकाठी

इन्स्टंट यीस्ट, लहान पाकीट. फोडलं की घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रीझरला, कितीतरी महिने टिकतं. घालताना आधी पाणी, मग पीठ, पिठात वर खळगा करून त्यात यीस्ट, मीठ कोपऱ्यात. टायमर लावलास तर यीस्टला पाणी लागता कामा नये.

पाव फ्रीजमध्ये अजिबात नको गं, तिथे बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. उरलाच तर काप करून फ्रीझरमध्ये आणि तसाच टोस्टरला.

अबोली

मनुका, अक्रोड कधी घालायचे? आधीच घातले तर पार भुगा होतो.

पिंपळपान

मळताना मधेच बीप वाजते, तेव्हा. मनुका आधी कोरड्या पिठात घोळवून घ्या, म्हणजे एका जागी गोळा होत नाहीत.