‘पाळकीण’ म्हणजे पाळकाची बायको की पाळक असलेली बाई?

नवापूरची_लेक:
आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) त्रैमासिकासाठी एक लेख मराठीत करतेय. विषय अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची फूट. तिथे १९८४ पासून नियम होता की जो स्वतः समलिंगी असल्याचं सांगतो आणि तसा राहतो, त्याला ऑर्डिनेशन (म्हणजे विधीपूर्वक पाळक, चर्चचा धर्मगुरू, करणं) नाही. या वादापायी २०१९ ते २०२३ मध्ये सुमारे ७,६०० मंडळ्या बाहेर पडल्या, आणि मे २०२४ मध्ये उरलेल्यांनी नियमच काढून टाकला. स्त्रियांना तिथे १९५६ सालीच पुरुषांच्या बरोबरीचा हक्क मिळाला होता, तोही भाग लेखात आहे.
ऑर्डिनेशनला मी ‘दीक्षा’ लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या वडिलांनी (मंडळीचे वडील म्हणजे चर्चमधले ज्येष्ठ पदाधिकारी, माझे नव्हेत) ते खोडलं. म्हणाले, दीक्षा जैनांची, आपल्यात डोक्यावर हात ठेवतात. आणि माझं ‘स्त्री पाळक’ खोडून ‘पाळकीण’ केलं. आता वाक्य झालंय: ‘१९५६ साली पाळकिणींना पूर्ण अधिकार मिळाले.’ आमच्याकडे हे वाचून लोक म्हणतील, बरं झालं, पाळकसाहेबांच्या बायकोला घरात अधिकार मिळाला! काय करू?

साक्रीकर:
ताई, आमच्याकडे तर सरळ पाद्रीन. ‘पाद्रीन उनी, चहा ठेव.’ आणि ती पाद्रीसाहेबांची बायकोच. पण एक सांगतो, आमच्या पाद्रीनबाई बायांची प्रार्थनासभा चालवायच्या, आजाऱ्याच्या खाटेशी बसायच्या, लग्न जमवायच्या. प्रभुभोजन द्यायचं तेवढं साहेबांकडे. मग पाद्रीन कोण, याला काही अर्थ उरतो का?

जुना_मास्तर (अमळनेर):
उरतो. ‘-ईण’ प्रत्ययाचे दोन धंदे आहेत. माळीण, सुतारीण इथे जात किंवा बायको. पाटलीण, कुलकर्णीण इथे फक्त बायको, कारण पद पुरुषाचंच होतं. मास्तरीण आधी मास्तरची बायको, मग मुली शिकवायला लागल्या तसा शब्द शिकवणाऱ्या बाईकडे सरकला. तेव्हा बाई पाळक झाल्या की ‘पाळकीण’ही सरकेल. वडिलांचं बरोबर आहे. ‘स्त्री पाळक’ हा मात्र भाषांतराचा वास येणारा शब्द. आपण ‘स्त्री शिक्षक’ म्हणतो का?

तापीकाठ:
मास्तर, म्हणतो की. स्त्री-डॉक्टर म्हणतो. आणि सरकेपर्यंत त्या बाईने काय करायचं? वकिलीणबाई अजून सरकल्या नाहीत. माझी बहीण जळगाव कोर्टात वकील आहे, तिला कुणी वकिलीणबाई म्हटलं की ती ‘कुणाची?’ असं विचारते. पद बाईकडे आलं की शब्द तोच ठेवायचा. २००७ साली आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या प्रतिभाताई राष्ट्रपती झाल्या तेव्हा ‘राष्ट्रपत्नी म्हणायचं का’ असले विनोद सगळ्यांनी केले, आणि शेवटी राष्ट्रपतीच म्हटलं. पती शब्द असूनही काही बिघडलं नाही. पाळकच म्हणा, क्रियापद सांगेल: पाळक आली, पाळक बोलली.

जुना_मास्तर:
‘पाळक आल्या’ म्हणा. आदरार्थी बहुवचन अजून जिवंत आहे.

भुसावळ_लोको:
आम्ही मूळचे वसईकडचे कॅथलिक, वडिलांच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे इथले झालो. आमच्यात ‘गुरुदीक्षा’ रुळलेला शब्द आहे, कुणाला जैन वाटत नाही. गंमत एवढीच की शेजारचे देशपांडे काका गुरुदीक्षा म्हणजे गुरूकडून मंत्र घेणे समजतात. आमच्यात मात्र ती घेऊन माणूस स्वतः धर्मगुरू होतो. स्त्रियांचा प्रश्नच नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ मध्ये लिहूनच टाकलं की चर्चला तसा अधिकार नाही. तेव्हा ‘धर्मगुरू’चं स्त्रीलिंग काय, यावर आम्ही डोकं शिणवत नाही.

फैजपूरचा:
दीक्षा जैनांची म्हणणाऱ्या वडिलांना सांगा, महानुभावांत बायका शतकानुशतकं संन्यासदीक्षा घेतात, आमच्या भागात आजही आहेत. शब्द कुणाच्या मालकीचा नसतो. उलट बाई आणि दीक्षा हे दोन शब्द मराठीत शेजारी बसायला लाजत नाहीत, ही सोयच झाली.

नवापूरची_लेक:
हे वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, ‘संन्यास वेगळा, मंडळी सांभाळणं वेगळं.’ त्यांनी ‘नेमणूक’ सुचवलंय.

तापीकाठ:
नेमणूक नको! तिथेच वाद आहे. हाँगकाँगच्या बिशपनी १९४४ मध्ये फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांना पुरोहित केलं, कारण युद्धात मकावच्या अँग्लिकनांकडे (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या लोकांकडे) धर्मगुरू पोचतच नव्हता. युद्ध संपल्यावर आक्षेप आले, तेव्हा १९४६ मध्ये त्यांनी काम करण्याचा परवाना परत दिला, पण मिळालेलं पुरोहितपद सोडलं नाही. परवाना परत करता येतो, नेमणूक रद्द होते, बदलीसुद्धा होते. दीक्षा पुसता येत नाही असं ते मानतात. ‘नेमणूक’ लिहाल तर वाचक विचारेल, एवढ्यासाठी मंडळ्या कशाला फुटतात? जिल्हा परिषदेचा शिक्षक वाटेल तो.

साक्रीकर:
मंडळ्या फुटल्या हे पण जरा जपून. माझे आजोबा ‘आमची मंडळी माहेरी गेलीय’ म्हणायचे. ७,६०० मंडळ्या बाहेर पडल्या म्हटल्यावर अख्ख्या तालुक्यात स्वयंपाक कोण करणार?

एक_वकील_धुळे:
हसून झालं असेल तर खरी अडचण पुढे आहे, आणि तिच्याकडे कुणी बघितलं नाही. ताई, तुम्ही ‘तसा राहतो’ लिहिलंय. मूळ नियमातला शब्द प्रॅक्टिसिंग. आमच्या धंद्यात प्रॅक्टिसिंग म्हणजे सनद घेऊन कोर्टात उभा राहणारा. समलिंगी माणूस प्रॅक्टिस करतो म्हणजे काय, पक्षकार शोधतो? पण फरक महत्त्वाचा आहे. इंग्लंडच्या चर्चने २००५ मध्ये धर्मगुरूंना समलिंगी जोडीदाराबरोबर कायदेशीर नोंदणी करायला मुभा दिली, अट एकच: शरीरसंबंध ठेवायचा नाही. त्याआधी २००३ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशरला जीन रॉबिन्सन बिशप झाले, ते जोडीदाराबरोबर उघडपणे राहत होते, त्यावरून जगभरच्या अँग्लिकनांत भडका उडाला. दोघांनाही ‘समलिंगी धर्मगुरू’ लिहिलंत तर वाद कशावर होता तेच वाचकाला कळणार नाही.

नवापूरची_लेक:
मग ‘समलिंगी कल असलेला’ आणि ‘समलिंगी नात्यात राहणारा’ असे दोन करू?

जुना_मास्तर:
‘कल’ बरा. पण समलिंगी हा शब्दच मला पटत नाही. समलिंगी म्हणजे समान लिंगाचे, म्हणजे मी आणि माझा भाऊ. ‘समलैंगिक’ लिहा.

तापीकाठ:
मास्तर, तुमचा ‘समलैंगिक’ व्याकरणाने काही वेगळा पडत नाही, फक्त मात्रा वाढते. २०१८ ला कलम ३७७ चा निकाल आला तेव्हा वर्तमानपत्रांनी दोन्ही छापले, लोकांना दोन्ही कळले.

एक_वकील_धुळे:
निकालाने संमतीने वागणाऱ्या सज्ञानांना गुन्हेगार ठरवणं बंद केलं. मंडळीच्या वेदीवर कोण उभं राहील, हे त्यात नाही. दोन्ही गोष्टी एका वाक्यात कोंबू नका, एवढंच.

भुसावळ_लोको:
आमच्याकडे २००५ च्या व्हॅटिकनच्या सूचनेत ‘खोलवर रुजलेली समलिंगी प्रवृत्ती’ असलेल्यांना सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) घेऊ नये असं आहे. म्हणजे तिथे राहणं-न-राहणं बाजूला, कलच आडवा येतो. ताई, तुमचे दोन शब्द आम्हाला उपयोगाचे.

साक्रीकर:
हे सगळं ठीक, पण पाळकिणीचं काय झालं?

फैजपूरचा:
पाळक शब्द मुळात पाळणे, मेंढरं राखणारा. आमच्याकडच्या धनगर बाया मेंढरं राखतात, त्यांना काय म्हणतात?

जुना_मास्तर:
धनगरीण. आणि ती धनगराची बायकोही असते.

नवापूरची_लेक:
बायबलमधली फिबी मराठीत ‘मंडळीची सेविका’ आहे. ग्रीकमध्ये तिला लावलेला शब्द पुरुष सेवकांना लावतात तोच आहे, असं आमच्या बायबल कॉलेजात शिकवलं होतं. वडिलांना हे दाखवलं तर ते म्हणाले, ‘बघ, सेविकाच म्हटलंय, पाळक नाही.’ आता लेखात ‘स्त्री पाळक’ ठेवलंय, दीक्षेच्या जागी ‘पाळकपणासाठी हात ठेवणे’. वाक्य दीड ओळ लांब झालं. वडील तेही वाचायला घेऊन गेलेत.

तापीकाठ:
दीक्षा गेली म्हणजे!

साक्रीकर:
ताई, त्या अमेरिकेतल्या बाई पाळकाच्या नवऱ्याला काय म्हणायचं, तेही वडिलांना विचारून घ्या.