अनुभव धागा : आफ्रिकेत राहून आलेली आपल्या भागातली माणसं

धागा काढणारा, टिळकवाडी :

माझ्या ओळखीतली बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची बरीच पोरं कामासाठी आफ्रिकेत गेली. फौंड्रीवाले, पंपवाले, औषध कंपनीतले, फौजेतले. प्रत्येकाच्या घरी निघताना तोच प्रश्न : ‘आफ्रिकेत? तिथं खाणार काय?’ दुबईला निघालेल्याला हे कुणी विचारत नाही. आता भाचा युगांडाला निघालाय आणि अक्कानं चार दिवस झाले जेवण टाकलंय, म्हणून हा धागा.

दोनच अटी. ‘आफ्रिकेत असं असतं’ असं लिहू नका. तिथं ५४ देश आहेत, तेव्हा देश आणि गाव सांगा. आणि सिंह-हत्तींचे फोटो नकोत, माणसांचं लिहा. (सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. तो इथं आणू नका, हात जोडतो.)

उद्यमबागेतला एक, इथिओपिया :

पंप बसवायच्या कामावर आदिस अबाबाला होतो. तिथला दिवस उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. नऊची मीटिंग असेल तर फळ्यावर तीन लिहिलेलं असतं. त्यामुळे वेळ ठरवताना ‘हबेशा टाइम की फेरेंजी टाइम’ हे आधी विचारून घ्यायचं, म्हणजे त्यांची वेळ की परक्यांची. वर्षही आपल्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे आणि महिने तेरा : बारा तीस-तीस दिवसांचे, तेरावा पाच दिवसांचा, लीप वर्षी सहा. नवं वर्ष सप्टेंबरच्या ११ तारखेला, कधी १२ला. अधिक महिना धरणाऱ्या माणसानं याला हसू नये, खरं सुरुवातीला डोकं गरगरतंच.

खाण्याचं म्हणाल तर माझ्याबरोबर हुक्केरीकडचा मित्र होता, अंडंही न खाणारा. सगळ्यात मजेत तोच राहिला. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध काही नाही. ईस्टरच्या आधी तर जवळजवळ दोन महिने हेच. हॉटेलात ‘त्सोम’ एवढा शब्द टाकला की डाळी, पालेभाज्या आणि शिरो समोर येतो. शिरो म्हणजे हरभऱ्यासारख्या कडधान्याच्या पिठाचं, तिखट मसाल्याचं कालवण, आपल्या पिठल्याची थोरली बहीणच. खाली इंजेरा : टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून एकाच बाजूनं भाजलेली, जाळी पडलेली मोठी चकती. सगळे एकाच ताटात जेवतात आणि मधेच शेजारचा घास करून तुमच्या तोंडात घालतो. त्याला गुर्शा म्हणतात, नाकारला तर राग येतो. घरी ताटाला ताट लागलेलं न चालणारा आमचा मित्र महिनाभरात दुसऱ्यांना घास भरवायला लागला.

कॉफीचं सांगितलंच पाहिजे. जमिनीवर हिरवं गवत पसरतात. बाई कच्चे दाणे कोळशावर, तव्यावर भाजते आणि तो धुरकट तवा प्रत्येकाच्या नाकापुढून फिरवते. आपण हातानं वाफ ओढून ‘छान’ म्हणायचं. मग कुटून, जेबेना म्हणतात त्या मातीच्या भांड्यात उकळून, उंचावरून धार धरून बिनकानाच्या कपात. बरोबर लाह्या. तीन फेऱ्या होतात : अबोल, तोना, बरका. पहिल्या कपानंतर उठणारा उद्धट. तासभर जातो. साइटवर काम अडलेलं असलं तरी हे चुकत नव्हतं, आणि खरं सांगतो, अडलेली कामं तिथंच सुटायची.

वडगावची, आता पुण्यात. टांझानिया :

लग्नानंतर काही वर्षं दार-एस-सलामला होते. आमचं माहेर विणकराचं, त्यामुळे माझं लक्ष आधी कापडाकडे गेलं. तिथल्या बायकांचा कांगा सुती, छापील, चारी बाजूंनी किनार. मी पहिल्यांदा उलटा करून बघितला : विणकामात काही नाही, सगळी करामत छपाईची. दोन तुकडे जोडून एकत्रच मिळतात, घरी आणून कापायचे आणि कडा शिवायच्या. एक कमरेला, एक डोक्या-खांद्यावर, मूल असलं तर पाठीला बांधायला तोच. खालच्या किनारीवर, मधोमध, स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते. म्हण, दुवा, टोमणा, काहीही. बायका रंगाआधी ती ओळ वाचतात. शेजारणीशी बिनसलं की तोंडानं बोलायचं नाही, नेमका कांगा नेसून तिच्या दारावरून दोनदा पाण्याला जायचं. आमच्या चाळीत हे मी डोळ्यांनी बघितलंय. जिच्यासाठी होतं तिनं चौथ्या दिवशी उत्तराचा कांगा आणला!

दुसरं म्हणजे ‘शिकामू’. लहानानं मोठ्याला म्हणायचं, मोठ्यानं ‘मरहाबा’ म्हणायचं. गल्लीतली पोरं खेळ थांबवून म्हणायची. कोथिंबिरीची जुडी घ्यायला गेलं तरी आधी घरचं कसं, मुलं कशी, काम कसं, आणि मगच भाव. घाईनं थेट भाव विचारणाऱ्याला महाग मिळतं, असं माझं निरीक्षण.

टिळकवाडी : वैनी, भाच्याच्या आईला हे वाचून दाखवलं. जेवली.

फौजेतनं रिटायर, बेळगाव तालुका. काँगो :

युनोच्या शांतिसेनेत गोमाला होतो. किवू तळ्याच्या काठचं गाव, डोक्यावर न्यिरागोंगो ज्वालामुखी. रात्री ढग नसले की वर आभाळ लाल दिसायचं. २००२ साली लाव्हा शहरात घुसला, विमानतळाच्या धावपट्टीवरसुद्धा आला. लोकांनी काय केलं, त्याच काळ्या दगडाच्या भिंती घातल्या आणि त्याच्यावरच घरं बांधली. २०२१ला परत फुटला तेव्हा मी इकडं होतो. टीव्हीवर रस्ते ओळखू येत होते.

तिथं एक गाडी असते, चुकुडू. सगळी लाकडाची, दोन चाकं, हँडल उंच. पोरगं एक गुडघा फळीवर टेकतं, दुसऱ्या पायानं रेटतं आणि बटाट्याची, कोळशाची पोती घेऊन उतारावरनं सुटतं. गुडघ्याखाली जुन्या टायरचा तुकडा ठोकलेला. चढाला मात्र दोघं-तिघं ढकलतात. या गाडीचा सोनेरी पुतळा चौकात उभा केलाय. ओझं वाहणाऱ्याचा पुतळा मी दुसरीकडं कुठं बघितला नाही.

आमच्या पलटणीतले म्हातारे केरेनच्या लढाईचं सांगायचे. १९४१, इरिट्रिया, मराठा पलटण तिथं डोंगर चढून लढली. म्हणजे आपल्याकडच्या घरांतली माणसं आफ्रिका बघून आलेली होतीच, विचारलं कुणी नाही एवढंच.

उचगावकर, घाना :

आक्राला ऑफिसात पहिल्याच दिवशी विचारलं, ‘जन्म कुठल्या वाराचा?’ तिकडच्या अकान लोकांत वारावरून नाव पडतं. सोमवारचा मुलगा कोजो, शुक्रवारचा कोफी, रविवारचा क्वासी. शाळेच्या दाखल्यावरची माझी तारीख मास्तरांनी घातलेली, तिचा उपयोग नाही. आईला फोन लावला. ती म्हणाली, ‘तुझा बा बेळगावच्या बाजाराला गेलावता, आल्यावर तू दिसलास.’ बेळगावचा बाजार शनिवारचा. म्हणजे मी क्वामे. घानाचे पहिले राष्ट्रपती क्वामे एन्क्रुमा, तेही शनिवारचेच. शेवटपर्यंत ऑफिसात मला त्याच नावानं हाक होती.

डाव्या हातानं काही देऊ-घेऊ नका. हे आपल्या माणसाला शिकवावं लागत नाही, खरं तिथं डाव्या हातानं खूण करून रस्ता दाखवलेलाही चालत नाही.

निपाणीचा तात्या, मलावी :

तंबाखूच्या धंद्यापायी लिलाँग्वेला जाणं व्हायचं. मलावीचं परदेशी चलन मुख्यतः तंबाखूवर येतं, त्यामुळे लिलावाचा हंगाम म्हणजे सगळ्या देशाचं लक्ष तिकडं. गोदाम एवढं मोठं की पलीकडचा माणूस दिसंना. तागात बांधलेल्या गाठींच्या रांगा. लिलाववाला गाणं म्हटल्यासारखा भाव बोलत पुढं, खरेदीदार मागनं चालत-चालतच खुणा करत्यात. आपली बिडीची तंबाखू वेगळी, त्यांची बर्ली. शेडात टांगून वाऱ्यावर वाळवलेली. माल वेगळा, रड तीच गा. भाव पडला की शेतकरी गाठीवर हात ठेवून गप उभा. १९८१चं निपाणीचं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन ज्यानं बघितलंय त्याला ते तोंड ओळखू येतंय.

एका शेतकऱ्याच्या घरी जेवाय बोलावलं. आधी धाकट्या पोरीनं गुडघे टेकून तांब्यानं सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं. मग मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा, बरोबर तळ्यातला चांबो मासा. हातानंच खायचं. आभार मानताना तळवे जरा पोकळ धरून हळू टाळ्या वाजवत्यात. मला आवडलं ते. घरी येऊन केलं तर नातवंडं हसायला लागली.

नाव नको, लागोस, नायजेरिया :

सगळं गोडच चाललंय, म्हणून लिहितो. लागोसला वीज जाते, जनरेटरचा आवाज झोपू देत नाही, ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास. त्रास आहे. पण मला जास्त त्रास झाला तो आपल्याच लोकांचा. कंपनीचं कंपाउंड, आत भारतीय किराणा, भारतीय चॅनेल, बाहेर जायचं ते ड्रायव्हरबरोबर. त्याच ड्रायव्हरच्या मागं त्याला काय-काय म्हणायचे ते इथं लिहिता येत नाही. वर्षानुवर्षं राहून शेजाऱ्याचं नाव माहीत नाही, आणि इकडं येऊन ‘आफ्रिकेतले लोक असे’ म्हणून सांगायला मोकळे.

मी त्या ड्रायव्हरच्या घरी बारशाला गेलो. तिकडच्या योरुबा लोकांत बारसं आठव्या दिवशी. जुळी होती. आधी बाहेर आलेला ताइवो, नंतरचा केहिंदे, आणि थोरला केहिंदे! त्यांचं म्हणणं, थोरल्यानं धाकट्याला पुढं पाठवलं, जग कसं आहे बघून ये म्हणून. आजोबांपुढं घरातले तरणे पुरुष पोट टेकून आडवे झाले, बायका गुडघ्यावर. मी वाकून नमस्कार केला, आजोबांना चालला.

खानापूरची शिक्षिका :

मी विमानात कधी बसलेले नाही, तरी लिहिते. आमच्या तालुक्यात, पुढं हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी आहेत. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे वंशज. गोव्यातून निसटून बरेच घाटावरच्या रानात आले. घरात कोकणी बोलतात, बाहेर कन्नड, मराठीही. त्यांच्यात हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान तिन्ही आहेत. उत्तर कन्नडच्या सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. आपली गोधडी घड्या अंथरून सरळ टाके घालत जाते. कवंदीची सुरुवात कडेपासून होते आणि टाके चौफेर फिरत मध्यावर येऊन संपतात. चार कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची ‘फुलं’ लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते, असं मला शिकवणाऱ्या आजी म्हणाल्या आणि माझी परत उसवायला लावली.

एक विनंती. बेळगावच्या स्टँडवर सिद्दी पोराला ‘कुठल्या देशाचा?’ म्हणून विचारू नका. तो तालुक्याचं नाव सांगतो, तरी लोक ‘ते नव्हे, मूळचा कुठला?’ म्हणतात. माझ्या वर्गातल्या एका मुलानं उलट विचारलं होतं, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’

टिळकवाडी : बाई, हे धाग्यात सगळ्यात वर पाहिजे होतं. शेवटचं, कामाचं : युगांडासाठी यलो फिव्हरची लस कुठं मिळते?

उचगावकर : गोव्यात मुरगावला पोर्ट हेल्थ ऑफिसात. आधी फोन करून दिवस विचारून जा, रोज नसते. प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यायची. लस घेतल्याचं पिवळं कार्ड जन्मभर चालतं. ते पासपोर्टबरोबर हातातल्या बॅगेत ठेवा, कारण परत येताना आपल्याकडचेच अधिकारी बघतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनला ठेवू शकतात.